प्रतिकारशक्ती वाढवायची की सांभाळायची?

बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागात रसेल मार्केटची गजबज मागे टाकून थोडे पुढे गेले की बाउरिंग अँड लेडी कर्झन हे जुने सरकारी रुग्णालय लागते. म्हैसूरचे एके काळचे ब्रिटिश आयुक्त बाउरिंग यांचे नाव लावणारे हे रुग्णालय दीडशेहून अधिक वर्षे गोरगरिबांच्या उपयोगी पडत आले आहे. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा शहरातील ज्या सरकारी रुग्णालयांवर रुग्णांचा भार पडला, त्यांत हेही होते. धाप लागलेले, प्राणवायूवाचून तळमळणारे रुग्ण तेथे येत होते. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, कर्नाटक सरकारने याच रुग्णालयात आणखी एका आजारासाठी वेगळी सोय केली. तो आजार होता म्युकरमायकोसिस, म्हणजेच काळी बुरशी. कोविडमधून बरे झालेल्या माणसाचा गाल सुजायचा, डोळा दुखायचा, नाकातून काळपट स्राव यायचा आणि कित्येकांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागायचा.

वरवर पाहता ही दोन्ही संकटे एकाच साथीची. पण शरीराच्या आत पाहिले तर ती एकमेकांच्या अगदी उलट होती. गंभीर कोविडमध्ये फुप्फुसांची जी नासधूस झाली, तिला विषाणूइतकीच रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती जबाबदार होती. ती गरजेपेक्षा जास्त भडकली होती. काळ्या बुरशीच्या वेळी मात्र प्रतिकारशक्ती इतकी दबली होती की, एरवी हवेत, मातीत, शिळ्या भाकरीवर असणारी आणि निरोगी माणसाला काहीही न करणारी बुरशी थेट डोळ्यांपर्यंत पोहोचली.

मग प्रश्न असा पडतो की, प्रतिकारशक्ती जास्त असणे चांगले की कमी असणे? आपल्याकडे तर साथीनंतर घरोघरी एकच मंत्र झाला आहे, ‘इम्युनिटी वाढवा’. परंतु शरीराचे शास्त्र काही वेगळेच सांगते.

वही एकच, पाने वेगळी

आपल्या शरीरातील बहुतेक सर्व पेशींमध्ये सुमारे २० हजार जनुकांचा तोच संच असतो. मग डोळ्याची पेशी पाहते आणि यकृताची पेशी साखर साठवते, हे कसे? याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सहज समजेल. समजा, चार जावांकडे पाककृतींची एकसारखी वही आहे. एक त्यातले पुरणपोळीचे पान उघडते, दुसरी आमटीचे. वही तीच, पदार्थ निराळे. पेशींचेही तसेच आहे. कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते बंद, यावर पेशीचा स्वभाव ठरतो. या चालू-बंद करण्यालाच शास्त्रज्ञ जनुकांचे नियमन म्हणतात.

हे नियमन करतात ती काही खास प्रथिने. ती जनुकांच्या धाग्यावर विशिष्ट जागी जाऊन बसतात आणि बटण दाबावे तसे जनुक चालू किंवा बंद करतात. शिवाय काही पानांवर रासायनिक खुणा चिकटवलेल्या असतात. ज्या जनुकावर अशा खुणा दाट असतात, ते सहसा उघडत नाही.

रक्तातील पांढऱ्या पेशींच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. कारण यकृताची पेशी जन्मभर यकृताचेच काम करते, पण प्रतिकार करणाऱ्या पेशीला प्रसंग पाहून वागावे लागते. जंतू आला की लढायचे आणि तो गेला की थांबायचे. लढण्याची जनुके वेळेवर चालू झाली नाहीत तर जंतू जिंकतो. ती वेळेवर बंद झाली नाहीत तर आपलेच शरीर भाजून निघते.

आग लावणारे बटण

जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते, दुखते. याला दाह म्हणतात. दाह हा आजार नव्हे, ते संरक्षण आहे. त्याचे मुख्य बटण १९८६ साली अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधून काढले. एनएफ-कप्पा-बी असे त्याचे अवघड नाव आहे. एरवी हे प्रथिन पेशीच्या केंद्राबाहेर दुसऱ्या एका प्रथिनाने बांधून ठेवलेले असते. जंतूची चाहूल लागताच ते बंधन तुटते, प्रथिन केंद्रात शिरते आणि दाह निर्माण करणारी शेकडो जनुके चालू करते. त्यांतूनच टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी रसायने तयार होतात. ताप येतो, इतर पेशी धावून येतात.

गंमत अशी की, हे बटण आणखी एक जनुक चालू करते. ते जनुक त्यालाच बांधून ठेवणारे प्रथिन बनवते! म्हणजे चूल पेटवतानाच निसर्गाने शेजारी पाण्याची घागर भरून ठेवली आहे. निरोगी शरीरात दाह आपोआप शमतो तो यामुळेच. गंभीर कोविडमध्ये मात्र ही घागर अपुरी पडली. रसायनांनी आणखी पेशी बोलावल्या, त्या पेशींनी आणखी रसायने सोडली आणि फुप्फुसे पाण्याने भरून गेली.

विसावे जनुक

प्रत्येक पेशीत अशी घागर आहेच, पण त्याशिवाय शरीराने खास आग आवरणाऱ्या पेशीही नेमल्या आहेत. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. या पेशींच्या शोधासाठी २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेच्या मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले.

साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले की, काही टी-पेशी लढत नाहीत, तर लढणाऱ्यांना आवरतात. अशा पेशी उंदरांतून काढून टाकल्या की त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच अवयवांवर उलटते. तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांचा यावर विश्वास बसला नव्हता.

पुरावा आला तो वेगळ्याच वाटेने. अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात उंदरांची एक विचित्र जात आढळली होती. त्यातील काही नर पिलांची कातडी खवलेदार व्हायची, प्लीहा सुजायची आणि ती काही आठवड्यांतच मरायची. अर्ध्या शतकानंतर ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी त्यामागचे जनुक शोधायचे ठरवले. एक्स गुणसूत्राचा एकेक भाग गाळत ते २० जनुकांपर्यंत आले. मग एकेक तपासत गेले. दोष सापडला तो शेवटच्या, विसाव्या जनुकात! २००१ साली त्यांनी त्याला फॉक्सपी-३ असे नाव दिले. दोनच वर्षांत साकागुची आणि इतरांनी सिद्ध केले की, आवरणाऱ्या पेशी घडवणारे मुख्य बटण तेच आहे. ते चालू झाले की पेशीतील लढाईची कित्येक जनुके बंद होतात आणि शांत करणारी उघडतात.

हा शोध केवळ उंदरांपुरता नव्हता. माणसांतही या जनुकात दोष घेऊन काही मुले जन्माला येतात. या विकाराला आयपेक्स म्हणतात. तान्ह्या बाळाला न थांबणारे जुलाब, अंगभर इसब आणि इतक्या कोवळ्या वयात मधुमेह, असे त्याचे रूप असते. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आई वरून निरोगी असते आणि मुलग्याला आजार होतो. पूर्वी अशी बाळे का जातात, हेच कळत नसे. घरात कोणाच्या तरी पायगुणाला दोष दिला जाई. आता तपासणीने निदान होते आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने काही मुले वाचतात. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत जन्मजात प्रतिकारदोषांची तपासणी होते. ज्या घरात लहान मुले वारंवार अशा आजारांनी दगावली आहेत, त्यांनी पुढच्या गर्भारपणाआधी डॉक्टरांकडे जनुकीय सल्ल्याची चौकशी जरूर करावी.

एका फाट्यावरून दोन वाटा

त्याहून थक्क करणारी गोष्ट २००६ साली समोर आली. हिसारला पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत हार्वर्डला गेलेले विजय कुच्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, आग भडकवणारी आणि आग आवरणारी पेशी एकाच कोवळ्या पेशीपासून घडू शकते. त्या कोवळ्या पेशीला टीजीएफ-बीटा नावाचा एकच संदेश मिळाला तर फॉक्सपी-३ चालू होते आणि ती आवरणारी बनते. त्याच संदेशाबरोबर इंटरल्युकिन-६ मिळाले तर मात्र ती दाह वाढवणारी बनते. म्हणजे भोवती आधीच दाह असेल तर नव्या पेशीही दाहाच्याच बाजूला जातात. आमवातासारखे आजार एकदा सुरू झाले की सहजी का हटत नाहीत, हे समजायला यामुळे मदत झाली.

आवरणाऱ्या पेशीही साऱ्या सारख्या टिकाऊ नसतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील गिरधारी लाल यांनी त्याआधी न्यूयॉर्कमध्ये काम करताना २००९ साली फॉक्सपी-३ जनुकावरच्या रासायनिक खुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खुणा पुसल्या गेल्या असतील तर पेशी आवरण्याच्या कामावर ठाम राहते. खुणा तशाच राहिल्या तर ते जनुक पुन्हा मिटू शकते. आमवात, मधुमेहाचा पहिला प्रकार किंवा प्रत्यारोपण केलेली मूत्रपिंडे यांसाठी टिकाऊ आवरणाऱ्या पेशी देता येतील का, याच्या चाचण्या जगात सुरू आहेत. कर्करोगात गोष्ट उलटी आहे. तेथे गाठ याच पेशींना आपल्याभोवती गोळा करून स्वतःचा बचाव करते. त्यामुळे कर्करोगाची काही नवी औषधे हा ब्रेक मुद्दाम सैल करतात आणि मग काही रुग्णांत थायरॉइड किंवा आतड्यांवर आपलीच प्रतिकारशक्ती उलटते. तोल कोणत्याही बाजूला गेला तरी किंमत मोजावी लागतेच.

स्वस्त गोळी, महाग चूक

आता पुन्हा साथीच्या दिवसांकडे वळू. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. डेक्सामेथासोन या अगदी स्वस्त स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि केवळ प्राणवायूवर असलेल्यांचे एक पंचमांशाने घटले. मात्र ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना काहीही फायदा झाला नाही.

हे औषध काम करते तेही जनुकांच्या बटणावरच. स्टेरॉइड पेशीत शिरते, तेथील एका प्रथिनाला चिकटते आणि दोघे मिळून केंद्रात जातात. तेथे ते दाहाचे बटण निकामी करतात आणि दाह शमवणारी जनुके चालू करतात. फुप्फुसे पेटलेली असताना हे वरदान आहे. परंतु आजाराच्या पहिल्या दिवसांत, जेव्हा विषाणूशी लढायचे असते, तेव्हा हेच औषध सैनिकांच्या हातातील शस्त्रे काढून घेते.

शिवाय तेच औषध यकृतात साखर तयार करणारी जनुकेही चालू करते. म्हणून स्टेरॉइड घेतल्यावर रक्तातील साखर वाढते. आपल्याकडे मधुमेही घरोघरी आहेत आणि कित्येकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ओळखीच्याने मोबाइलवर पाठवलेल्या चिठ्ठीवरून अनेकांनी घरीच स्टेरॉइड सुरू केले, काहींनी ते गरजेपेक्षा जास्त दिवस घेतले. दबलेली प्रतिकारशक्ती आणि वाढलेली साखर, बुरशीला आणखी काय हवे? दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी त्याच महिन्यात स्टेरॉइडच्या गैरवापराबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुलै २०२१ पर्यंत देशात काळ्या बुरशीचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात होते. शिवाजीनगरच्या रुग्णालयात त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली ती अशी.

म्हणून स्टेरॉइड वाईट, असे समजणे ही दुसरी चूक ठरेल. १९४८ साली अमेरिकेत आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला प्रथमच कॉर्टिसोन दिले गेले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. त्या कामासाठी १९५० साली नोबेल मिळाले. औषध तेच आहे. ते कधी, किती आणि किती दिवस, हे ठरवणारा जाणकार हवा, एवढेच.

काढ्याचा प्रश्न

समजा, एखाद्या घरातील चाळिशीची गृहिणी सकाळी उठते तेव्हा तिची बोटे तासभर आखडलेली असतात. पीठ मळवत नाही, कुकरचे झाकण लागत नाही. शेजारीण म्हणते, ‘‘वहिनी, प्रतिकारशक्ती कमी झाली असेल हो. गुळवेलीचा काढा सुरू करा.’’ सल्ला मायेचाच असतो. पण ही लक्षणे आमवाताची असतील तर तिची प्रतिकारशक्ती कमी झालेली नसून चुकीच्या जागी जास्त झालेली असते. विझवायच्या आगीत ती तेल ओतणार!

ही भीती केवळ कल्पनेतली नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर काविळीने आजारी पडलेल्या ६ रुग्णांची नोंद केली आणि ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या यकृताची हानी प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्यावर होते तशा स्वरूपाची होती. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेलीमुळे काही जणांत आजवर दबून राहिलेला असा यकृतविकार उघड होत असावा, असे त्या तज्ज्ञांचे मत पडले.

गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो, असा याचा अर्थ नाही. मात्र ज्यांना थायरॉइड, आमवात, ल्युपस, सोरायसिस किंवा यकृताचा असा विकार आहे, त्यांनी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काहीही, मग ते झाडपाल्याचे असो की बाटलीतले, डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. यांतील बरेच आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी जास्त होतात. ल्युपसच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. आणि आपल्याकडे घरातली स्त्रीच स्वतःचे दुखणे सर्वात शेवटी डॉक्टरांना दाखवते.

घरात काय पाळावे?

सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असतील, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर पुरळ येत असेल, तोंडात वारंवार फोड येत असतील, बारीक ताप आणि थकवा आठवडेच्या आठवडे जात नसेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. निदान जितके लवकर होईल, तितके सांधे आणि मूत्रपिंडे वाचवणे सोपे जाते.

सांधेदुखीवर कोणी नाव नसलेल्या पुड्या किंवा गोळ्या देत असेल आणि दोन दिवसांत जादूसारखा आराम पडत असेल, तर सावध व्हा. अशा औषधांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. ते नकळत महिनोन्‌महिने पोटात गेल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो.

डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले असेल तर साखर आणि रक्तदाब तपासत राहा. बरे वाटले म्हणून ते एकदम बंद करू नका. बाहेरून मिळत असल्याने शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. त्यामुळे मात्रा हळूहळू उतरवावी लागते. टीएनएफ रोखणारी नवी इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करून घ्या. शरीरात दडलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याचे काम याच टीएनएफमुळे होत असते.

आणि लसीचे काय? लस सरसकट आग भडकवत नाही. ती एका ठरावीक शत्रूची ओळख करून देते, म्हणून तिला काढ्याच्या पंगतीत बसवू नये. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र कोणती लस कधी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

चांगली प्रतिकारशक्ती म्हणजे जास्तीत जास्त प्रतिकारशक्ती नव्हे. वेळेवर पेटणारी आणि काम होताच शांत होणारी, ती चांगली. यापुढे घरात कोणी ‘इम्युनिटी वाढवणारे’ औषध आणले, तर आधी एवढेच विचारा, ‘‘कोणासाठी, कशासाठी आणि डॉक्टरांना विचारले आहे का?’’